हौसेचं मोल

नाशिकमध्ये कुणालाही ‘गोल्फ क्लब’ कुठं आहे असं विचारा. तो तुम्हाला क्रिकेटच्या मैदानावर नेऊन सोडील. कागदोपत्री ते हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान. तिथं रणजी सामनेही झालेत. पण लोकांच्या तोंडी नाव राहिलं ते गोल्फचंच. आज बोलायचं आहे ते या दोन्ही खेळांत येणाऱ्या एका शब्दाविषयी. तो शब्द म्हणजे ‘हौशी’.

हा शब्द आपल्या ओळखीचा झाला तो नाटकामुळं. पदरमोड करून करायचं ते हौशी नाटक आणि ज्यावर घरची चूल पेटते ते व्यावसायिक. गोल्फमध्ये ही रेघ स्वच्छ असते. खेळाडू एके दिवशी जाहीर करतो, की आजपासून मी व्यावसायिक. जर्मनीची एस्थर हेन्झेलाइट २०१९च्या सुरुवातीला, विशीच्या उंबरठ्यावर, अशी व्यावसायिक झाली. त्याच वर्षी ती युरोपातल्या महिलांच्या व्यावसायिक मालिकेत गुणतक्त्यात पहिली आली आणि २०२४मध्ये पॅरिस ऑलिंपिकमध्ये तिनं रौप्यपदक मिळवलं. गुण तिचे, कष्टही तिचेच. पण ज्या दारातून ती आत गेली, ते दार तिच्या आधीपासून उभं होतं.

आपल्या क्रिकेट खेळणाऱ्या मुलींना असं दारच नव्हतं. १९७३ साली महिला क्रिकेटची देशव्यापी संघटना स्थापन झाली आणि पहिली राष्ट्रीय स्पर्धा पुण्यात भरली. संघ तीनच : मुंबई, महाराष्ट्र आणि उत्तर प्रदेश. १९७६ साली शांता रंगास्वामींच्या संघानं पाटण्यात वेस्ट इंडिजला हरवून पहिला कसोटी विजय मिळवला. पण खेळायला जायचं ते आरक्षणाशिवाय रेल्वेच्या डब्यात बसून, झोपायचं ते मिळेल त्या खोलीत दाटीवाटीनं. १९८२च्या न्यूझीलंडमधल्या विश्वचषकासाठी खेळाडूंना प्रत्येकी दहा हजार रुपये भरायला सांगितलं होतं. देशासाठी खेळायचं आणि पैसेही आपणच मोजायचे! डायना एडलजींसारख्यांनी खटपट केली, तेव्हा कुठं रेल्वेत खेळाडू मुलींना नोकऱ्या मिळू लागल्या. पगार नोकरीचा, खेळ मात्र हौसेचाच.

‘हौसेला मोल नसतं’ असं आपण सहज म्हणतो. मोल असतं, फक्त ते कुणीतरी गुपचूप चुकतं करत असतं. कुणाच्या आईच्या बांगड्या, कुणाची बिनपगारी रजा. २००५ साली आपल्या मुली विश्वचषकाच्या अंतिम सामन्यापर्यंत पोहोचल्या. तेव्हा एका सामन्याचे एक हजार रुपये मिळाले, असं कर्णधार मिताली राज यांनीच पुढं सांगितलं.

मग दार उघडलं, पण हळूहळू. २००६ साली महिला क्रिकेट भारतीय क्रिकेट मंडळाकडं आलं. २०१५मध्ये वार्षिक करार सुरू झाले. २०२२मध्ये मंडळानं पुरुषांइतकंच मानधन जाहीर केलं : एकदिवसीय सामन्याला सहा लाख. फेब्रुवारी २०२३मध्ये महिला प्रीमियर लीगच्या पहिल्या लिलावात सांगलीच्या स्मृती मानधनावर ३ कोटी ४० लाखांची बोली लागली.

मी राहतो त्या द्वारका चौकातून पुण्याचा रस्ता फुटतो. त्या रस्त्यानं निघालं की सिन्नर लागतं. तिथली लेगस्पिनर माया सोनवणे. मे २०२२मध्ये पुण्याजवळ गहुंजेच्या मैदानावर महिलांच्या टी-२० चॅलेंजमध्ये ती ‘व्हेलॉसिटी’ संघाकडून खेळली. मान खाली घालून, अंगाला पीळ देत चेंडू टाकण्याची तिची ती अजब शैली लोकांनी मोबाइलवर पुन्हा पुन्हा पाहिली. सिन्नरच्या मुलीला हा रस्ता मिळाला, कारण १९७३ साली त्याच पुण्यात तीन संघांच्या मुली उन्हात उभ्या राहिल्या होत्या.

अर्थात, दार अजून अरुंदच आहे. लीगमध्ये पाच संघ, एका संघात जास्तीत जास्त अठरा जणी आणि त्यांत परदेशीही आल्या. बाकीच्या हजारो मुलींचा खर्च आजही घरचीच माणसं सोसतात.

२ नोव्हेंबर २०२५ रोजी नवी मुंबईत आपल्या मुलींनी दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून विश्वचषक जिंकला. जल्लोष चालू असताना त्यांनी तो चषक मैदानावर आलेल्या मिताली राज, झूलन गोस्वामी आणि अंजुम चोप्रा यांच्या हातांत दिला. दार कुणी ठोठावलं होतं, हे त्या मुली विसरल्या नव्हत्या.