उसनी त्वचा

शस्त्रवैद्यकाच्या इतिहासांत पुण्याचें नांव एका गाडीवानामुळें राहिलें आहे. कावसजी हा १७९२ च्या युद्धांत इंग्रज फौजेबरोबर बैल हांकीत असतां टिपूच्या हातीं सांपडला, आणि नाक व एक हात गमावून परतला. वर्षभरानें पुण्याजवळच्या, विटा पाडणाऱ्या जातीच्या एका मनुष्यानें त्याला नवें नाक करून दिलें. नाकाच्या मापाचा मेणाचा पत्रा कपाळावर पसरून आंखणी करावयाची, तेवढी कातडी सोडवावयाची, परंतु भुवयांमधली पट्टी मात्र तोडावयाची नाहीं. कारण रक्त त्याच वाटेनें येतें. सुमारें पंचविसाव्या दिवशीं, कातडी रुजल्यावर, पट्टी कापीत. ही हकीकत १७९४ च्या ऑक्टोबरांत 'जंटलमन्स मॅगझिन'मध्यें छापली गेली, आणि १८१४ सालीं कार्प्यूनें लंडनमध्यें हा प्रयोग केला. कारागिराचें नांव त्या लेखांत नाहीं, याची आम्हां शिकलेल्यांस अजून खंत वाटत नाहीं.

मूळ न तोडतां शेजारची त्वचा उसनी घेण्याचें हेंच तत्त्व पुढें छातीच्या कामीं आलें. बाल्टिमोरचे हॉल्स्टेड यांनीं १८९४ मध्यें वर्णिलेल्या शस्त्रक्रियेंत कर्करोगग्रस्त स्तनाबरोबर छातीचा मोठा स्नायूही काढीत. ती जागा झांकण्यासाठीं इटलींतील तान्सिनी यांनीं पाठीच्या रुंद स्नायूसह कातडीचा पदर पुढें ओढला. ही युक्ति पुढें विस्मरणांत गेली व १९७० नंतरच पुन्हां हातीं आली.

आतां, हॉल्स्टेडनें रुग्णांचें जें काढलें, तें कांहींजणांस जन्मतःच नसतें! आल्फ्रेड पोलंड यांनीं १८४१ मध्यें लंडनच्या गाय्ज रुग्णालयांतील एका प्रेतांत छातीच्या स्नायूंची ही उणीव नोंदली. अशा स्त्रीचा त्या बाजूचा स्तन लहान असतो, क्वचित् नसतोच. तिला कर्करोगासाठीं स्तन गमवावा लागला, तर अडचण दुहेरी होते. कारण कधीं पाठीचा रुंद स्नायूही तिच्यांत नसतो, आणि तान्सिनीचा पदर घ्यावयाचा कोठून? मग पोटाची त्वचा व चरबी घ्यावी लागते. छातीचें हाडच खोल गेलेलें असल्यास नुसता भर घालून दोन्ही बाजू सारख्या होत नाहींत. म्हणून चीर देण्यापूर्वीं स्नायू व रक्तवाहिन्या चित्रांवरून तपासणें अगत्याचें.

या स्त्रियांची खरी गांठ निराळी असते. उपजत व्यंग त्यांनीं लुगड्याआड इतकीं वर्षें झांकलेलें असतें, कीं तें डॉक्टरांसही सांगावयाचें राहतें. भंडारा जिल्ह्यांतील एकोडीसारख्या गांवाहून नागपूर फार दूर नाहीं, आणि तेथल्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांत डॉ. बालकृष्णन् यांनीं १९५८ सालींच या शास्त्राचा स्वतंत्र विभाग उभारला.