रंगवेषाचे व्याकरण आणि संगणकीय खेळातील पात्र

एखाद्या जुन्या रंगपरंपरेतून नवे पात्र घडविले जाते तेव्हा त्या परंपरेतून नेमके काय घेतले जाते, हा प्रश्न रंगभूमीच्या इतिहासात वारंवार उपस्थित झालेला आहे. वेष घेतला जातो, की त्या वेषामागचे संकेत घेतले जातात? रूप घेतले जाते, की रूपाला अर्थ देणारे व्याकरण? अलीकडे हा प्रश्न एका अनपेक्षित क्षेत्रात नव्याने उभा राहिला आहे. ते क्षेत्र म्हणजे व्हिडिओ गेम, अर्थात संगणकाच्या वा भ्रमणध्वनीच्या पडद्यावर खेळला जाणारा कथात्म खेळ. साहित्याच्या अभ्यासकाने या क्षेत्राकडे वळावे का, अशी शंका कोणी घेईल. परंतु जेथे पात्र आहे, कथा आहे आणि परंपरेशी व्यवहार आहे, तेथे समीक्षेला अधिकारही आहे आणि जबाबदारीही.

जानेवारी २०२२ मध्ये 'गेनशिन इम्पॅक्ट' या चिनी खेळात युन जिन नावाचे पात्र दाखल झाले. ही तरुणी चीनच्या धर्तीवर कल्पिलेल्या एका नगरीतील ऑपेरा-मंडळीची प्रमुख आहे. तिची घडण पारंपरिक चिनी ऑपेराच्या आधारे झालेली आहे. ती समजून घेण्यासाठी आधी त्या ऑपेराची बांधणी पाहिली पाहिजे.

१७९० मध्ये छ्येनलुंग सम्राटाच्या ऐंशीव्या वाढदिवसाच्या निमित्ताने आन्हुई प्रांतातील नाटकमंडळ्या राजधानीत आल्या. त्यांच्या आणि इतर प्रांतांतील गायनशैलींच्या मिश्रणातून पुढील अर्धशतकात जे नाट्य आकाराला आले, ते पेकिंग ऑपेरा या नावाने जगाला ठाऊक झाले. त्यातील पात्रांचे चार मुख्य वर्ग आहेत : 'शेंग' म्हणजे पुरुषपात्र, 'दान' म्हणजे स्त्रीपात्र, 'जिंग' म्हणजे रंगविलेल्या चेहऱ्याचे प्रबळ पुरुषपात्र आणि 'चौ' म्हणजे विदूषक. या प्रत्येक वर्गाचे पोटभेद आहेत. स्त्रीपात्रांतच संयमी कुलस्त्री वेगळी, चपळ तरुणी वेगळी आणि शस्त्र धारण करून घोड्यावर बसणारी 'दाओमादान' वेगळी. चेहऱ्यावरील रंगही अर्थवाही असतात. ग्वान यूचा लाल चेहरा निष्ठेचा, त्साव त्सावचा पांढरा चेहरा कपटाचा, तर न्यायाधीश बाव झेंगचा काळा चेहरा सचोटीचा. हातातील गोंडेदार चाबूक म्हणजे घोडा. पाठीवरचे चार ध्वज म्हणजे चिलखत चढविलेला सेनानी. एक मेज आणि दोन खुर्च्या एवढ्या सामग्रीवर राजसभा, डोंगर, विहीर असे सारे काही उभे राहते. येथे शोभेपुरते काहीच नाही. प्रत्येक वस्तू म्हणजे एक शब्द आहे आणि तो जाणणारा प्रेक्षक हा त्या भाषेचा भाषिक आहे.

युन जिनच्या रचनाकारांनी या भाषेतील शब्द घेतले, हे कोणालाही दिसते. तिच्या पोशाखात ऑपेरातील शिरोभूषणांचा अंश आहे. तिचे शस्त्र भाला आहे आणि तो हाताळण्याच्या तिच्या हालचालींवर रंगमंचावरील शस्त्रक्रीडेची छाया आहे. परंतु महत्त्वाची गोष्ट याच्या पुढची आहे. तिच्या प्रमुख शक्तीच्या प्रयोगात ध्वज प्रकट होतात आणि त्यामुळे सोबत लढणाऱ्या पात्रांच्या प्रहाराचे बळ वाढते. ऑपेरात पाठीवरचे ध्वज सेनानीचे, म्हणजे इतरांना बळ देणाऱ्याचे चिन्ह असतात. खेळाच्या नियमात तो अर्थ टिकून राहिला आहे. शब्द आला आणि त्याच्या मागोमाग त्याचे व्याकरणही आले, असे येथे म्हणता येते.

तीच गोष्ट गायनाची. या खेळातील संवाद निरनिराळ्या भाषांत निरनिराळे कलावंत बोलतात. युन जिनचे ऑपेरा-गीत मात्र सर्व आवृत्त्यांत चिनी भाषेतच राहिले. ते शांघायच्या पेकिंग ऑपेरा संस्थेतील यांग यांग या अभिनेत्रीने गायिले आहे. त्यात युन जिन स्वतःची नव्हे, तर त्याच जगातील दुसऱ्या एका पात्राची कथा सांगते. म्हणजे तिचे काम निवेदनाचे आहे. पुढे चीनमधील निरनिराळ्या प्रादेशिक ऑपेरांच्या कलावंतांनी हे गीत आपापल्या शैलीत गाऊन दाखविले. खेळाने परंपरेकडून घेतले आणि परंपरेने ते पुन्हा आपल्या गळ्यात घेतले, अशी ही देवघेव आहे.

अर्थात या व्यवहारात काही निसटतेही. ऑपेरातील नट लहानपणापासून एका पात्रवर्गाची साधना करतो. तो वर्ग ही त्याच्या कलेची सुरुवात असते. त्या चौकटीत राहून तो आयुष्यभरात जे सूक्ष्म फेरफार करतो, तीच त्याची प्रतिभा. संगणकीय पात्र मात्र एकदा घडले की प्रत्येक वेळी तेच पाऊल तसेच टाकते. रचनाकारांनी या उणिवेवर एक उपाय शोधला : ऑपेराची ही परंपरानिष्ठ गायिका खासगीत रॉक संगीताची चाहती आहे, असे त्यांनी दाखविले. वर्गाच्या आड व्यक्ती उभी करण्याचा हा कादंबरीचा मार्ग आहे. तो यशस्वी झाला, तरी तो साधनेची जागा घेत नाही.

आता या यशाचे कारण काय, हे विचारले पाहिजे. केवळ तंत्रज्ञानाची श्रीमंती हे उत्तर अपुरे आहे. माझ्या मते त्याचे एक मोठे कारण सुमारे शंभर वर्षांपूर्वी झालेल्या लेखनात आहे. छी रूशान (१८७५–१९६२) हे पेकिंगमधील विद्वान. युरोप पाहून आल्यावर प्रथम त्यांनी स्वदेशी नाट्याला नावे ठेवली. पुढे मात्र त्याच नाट्याचे ते अभ्यासक झाले. त्यांनी वृद्ध नटांना गाठून प्रत्येक वस्त्र, प्रत्येक मुद्रा, प्रत्येक पदन्यास यांचा अर्थ विचारला आणि तो लिहून ठेवला. विख्यात स्त्रीपार्ट नट मेइ लानफांग (१८९४–१९६१) यांचे ते सहकारी आणि नाटककार. मेइ यांच्या १९३० मधील अमेरिकेच्या दौऱ्यासाठी छी यांनी वेष, वाद्ये, मुखरंग यांची चित्रे तयार करविली. मेइ यांच्या बोटांच्या मुद्रांची छायाचित्रे नावांनिशी प्रसिद्ध झाली. १९५१ मध्ये चिनी नाट्यसंशोधनाची संस्था स्थापन झाली, तेव्हा तिचे अध्यक्षपद मेइ यांच्याकडे आले. १९६६ ते १९७६ या सांस्कृतिक क्रांतीच्या काळात जुनी नाटके रंगमंचावरून हद्दपार झाली. तरीही ती परंपरा पुन्हा उभी राहू शकली, याचे काही श्रेय वाचलेल्या गुरूंना आहे तसेच वाचलेल्या कागदांनाही आहे. आजच्या रचनाकाराच्या हाती ध्वजाचे चित्रच नव्हे, तर ध्वजाचा अर्थही पडतो, तो या परिश्रमांमुळे.

चिनी नाट्याचा मराठीशी संबंध मात्र आडवाटेने आला. १९३५ मध्ये मेइ लानफांग मॉस्कोला गेले. तेथे ब्रेख्टने त्यांचा अभिनय पाहिला आणि पुढील वर्षी प्रसिद्ध झालेल्या आपल्या निबंधात चिनी अभिनयातील अलिप्ततेची मीमांसा केली. युआन राजवटीतील ली शिंगदाव याच्या खडूच्या वर्तुळाच्या नाटकावरून ब्रेख्टने १९४४ मध्ये आपले 'कॉकेशियन चॉक सर्कल' रचले आणि त्याचे चिं. त्र्यं. खानोलकरांनी 'अजब न्याय वर्तुळाचा' हे मराठी रूप सिद्ध केले. १९७० च्या दशकात विजया मेहता आणि जर्मन दिग्दर्शक फ्रिट्झ बेनेविट्झ यांनी ते रंगभूमीवर आणले. चीनमधून निघालेले एक वर्तुळ बर्लिनमार्गे मराठी लोकनाट्याच्या अंगणात पोहोचले. कथा आली, अभिनयाचा सिद्धान्त आला; तो चिनी वेष आणि त्याचे व्याकरण मात्र वाटेतच राहिले.

याच काळात आपल्याकडे परंपरेकडून घेण्याची चर्चा दिल्लीत ऐन भरात होती. संगीत नाटक अकादेमीने १९७१ मध्ये पारंपरिक रंगभूमीच्या समकालीन उपयुक्ततेवर परिसंवाद भरविला. १९७२ मध्ये पुण्यात 'घाशीराम कोतवाल' उभे राहिले. त्यातील माणसांच्या भिंतीने आणि खेळे-दशावताराच्या संकेतांनी परंपरा नव्या आशयासाठी कशी राबविता येते, हे दाखविले. १९७९ मध्ये ब. व. कारंतांनी राष्ट्रीय नाट्य विद्यालयाच्या रंगमंडळासाठी यक्षगानाच्या अंगाने 'मॅकबेथ'चे 'बरनम वन' केले. १९८४ पासून सुमारे दहा वर्षे अकादेमीने पारंपरिक शैलींत प्रयोग करू इच्छिणाऱ्या तरुण दिग्दर्शकांना साहाय्य देण्याची योजना राबविली. सुरेश अवस्थी यांनी या प्रवाहाला 'मुळांची रंगभूमी' असे नाव देऊन त्याचे समर्थन केले. त्यावर आक्षेपही आले. शैली शोभेसाठी वापरली जाते, मूळ कलावंत आपल्या गावीच राहतो आणि त्याचा वेष तेवढा राजधानीत येतो, हा त्यांतील मर्मावरचा आक्षेप होता. संगणकीय पात्रासंबंधी आज जे विचारावयाचे, ते दिल्लीच्या रंगभूमीसंबंधी चाळीस वर्षांपूर्वीच विचारले गेले होते.

आपल्याकडील संगणकीय पात्रांचा विचार याच निकषावर करता येईल. पुण्याच्या 'नोडिंग हेड्स गेम्स' या संस्थेने २०२० मध्ये 'राजी : ॲन एन्शंट एपिक' हा खेळ प्रसिद्ध केला. राजी ही सर्कशीत कसरती करणारी मुलगी. असुरांनी पळविलेल्या धाकट्या भावाच्या, गोलूच्या, शोधात ती निघते आणि तिला दुर्गेचे साहाय्य लाभते. सर्कशीतील मुलगी नायिका झाल्यामुळे तिच्या उड्या आणि कोलांट्या कथेतूनच सिद्ध होतात. ही योजना विचारपूर्वक केलेली आहे. खेळातील वास्तू राजस्थानी आहेत, चित्रशैलीवर पहाडी कलमाचा ठसा आहे आणि मधली कथानके बाली बेटावरील छायाबाहुल्यांच्या धर्तीवर सांगितली आहेत. हा संगम देखणा आहे. परंतु मराठी वाचकाला येथे एक गोष्ट जाणवल्याशिवाय राहात नाही. कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर समाजाने चामड्याच्या छायाबाहुल्यांची आणि चित्रकथीची परंपरा आजवर जपली आहे. त्या परंपरेतील परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. पुण्याहून पिंगुळी जवळ. तरी खेळात बाली आले. यात रचनाकारांचा दोष मी मानत नाही. कलावंताने कोठूनही घ्यावे, तो त्याचा अधिकारच आहे. प्रश्न इतकाच, की पिंगुळीकडे जाणाऱ्यासाठी आपण वाट किती बांधून ठेवली आहे?

दशावताराचे उदाहरण घेऊ. आडदशावतारात संकासुर येतो : काळा वेष, काळा मुखवटा, लोंबणारी लाल जीभ. वेद चोरणारा हा असुर मालवणीतून थट्टा करतो, प्रेक्षकांना हसवितो आणि अखेरीस विष्णूच्या हातून मारला जातो. भय आणि विनोद एकाच देहात नांदविणारे असे पात्र कोणत्याही रचनाकाराला मोहात पाडील. त्याचे चित्र मिळविणे सोपे आहे. परंतु पखवाजाच्या कोणत्या बोलावर त्याचे कोणते पाऊल पडते, थट्टेची मर्यादा कोठे संपते, राजापार्ट आणि राक्षसपार्ट यांच्या प्रवेशात, उभे राहण्यात, स्वरात नेमका भेद कोणता, हे नटांना ठाऊक आहे. संवाद तेथेच सुचतात, संहिता लिहिलेली नसते. त्यामुळे हे ज्ञान नटाबरोबर येते आणि नटाबरोबर जाते. दशावतारावर मराठीत अभ्यासपूर्ण लेखन झाले आहे. परंतु आपल्या चर्चेचा ओढा उगमाच्या वादाकडे आणि आख्यानांच्या आशयाकडे अधिक राहिला, पदन्यास आणि वेष यांच्या कोशाकडे कमी. बालगंधर्वांच्या (१८८८–१९६७) बाबतीतही हेच घडले. मेइ लानफांगांच्या या समकालीन स्त्रीपार्ट नटाचे गायन ध्वनिमुद्रिकांत आहे, त्यांच्या शालूंच्या आठवणी आहेत; पण त्यांच्या हाताच्या एकेका हालचालीला नाव देऊन ठेवणारा छी रूशान त्यांना लाभला नाही.

सांगलीत ५ नोव्हेंबर १८४३ रोजी विष्णुदास भाव्यांनी 'सीता स्वयंवर' केले, तेव्हा त्यांनीही कर्नाटकातून आलेल्या भागवत मंडळींच्या खेळापासून स्फूर्ती घेतली होती. सूत्रधार, विदूषक, मयूरावरची सरस्वती, आरोळ्या ठोकणारे राक्षस हे सारे त्यांनी डोळ्यांनी पाहिलेल्या जिवंत प्रयोगाच्या बळावर उभे केले. मराठी नाटकाचा आरंभच अशा उसनवारीतून झाला असल्यामुळे उसनवारीचा तिटकारा आपल्याला शोभत नाही. मात्र भाव्यांना प्रयोग समोर दिसत होता. आजच्या पात्ररचनाकाराला तो प्रायः ग्रंथातून, संग्रहातून आणि चित्रमुद्रणातून भेटतो. दिल्लीत फिरोजशहा रस्त्यावरील रवींद्र भवनात संगीत नाटक अकादेमीचा मुद्रणसंग्रह आहे. पण मुद्रणाला अर्थ सांगणारे टिपण जोडलेले नसेल, तर ते पाहणाऱ्याच्या हाती पुन्हा नुसता वेषच लागतो.

म्हणून संगणकीय खेळांनी परंपरा भ्रष्ट होईल, ही भीती मला गौण वाटते. युन जिनच्या उदाहरणाने दिसते ते असे, की ज्या परंपरेचे व्याकरण लिहिले गेले आहे, ती नव्या माध्यमातही आपला अर्थ सांभाळून राहते. ज्या परंपरेचे व्याकरण केवळ देहात आहे, तिचा वेष तेवढा पुढे जातो. आपल्या विद्यापीठांतील मराठीच्या विद्यार्थ्यांना प्रबंधासाठी विषयांची वाण आहे, असे वारंवार म्हटले जाते. एका दशावतारी मंडळाबरोबर एक हंगाम हिंडून राजापार्टाच्या प्रवेशाचे प्रत्येक पाऊल नोंदवून ठेवणे हा प्रबंधाचाच विषय आहे. त्याचा उपयोग पुढे कोण करील, नट, नाटककार की संगणकावर पात्र रेखाटणारा, हे आज सांगता येणार नाही. छी रूशान यांनाही ते सांगता आले नसते.