हिंडत्या रिसीव्हरची कुळकथा

2017च्या जुलैअखेरीस ब्रह्मपुरीच्या जंगलातून पकडून आणलेली एक वाघीण वर्धा जिल्ह्यातल्या बोर व्याघ्र प्रकल्पात सोडली. गळ्यात रेडिओ कॉलर. पण ती बोरमध्ये काही रमली नाही. अडीच महिन्यांत शेतं, रस्ते, गावं ओलांडत सुमारे पाचशे किलोमीटर हिंडली आणि 14 ऑक्टोबरला सिंदीविहिरी शिवारात, पीक राखायला कुंपणात सोडलेल्या विजेनं मेली.

अशा पाठलागात उपग्रहामार्फत ठिकाण कळतं, पण ठरावीक वेळांनीच. तोवर जनावर पुढच्या नाल्यात गेलेलं असतं. ताजा माग हवा तर वनरक्षकानं यागी अँटेना हातात धरून सावकाश फिरवायचा आणि रिसीव्हरमधली टकटक कोणत्या बाजूनं खणखणीत येते ते ऐकायचं. मध्ये टेकडी आली की आवाज गुल. मग उंचवटा गाठायचा, पुन्हा ऐकायचं.

ही पद्धत विल्यम कॉक्रन आणि रेक्सफर्ड लॉर्ड यांनी 1963 साली अमेरिकेतल्या इलिनॉयमध्ये मांडली, तीही ससे आणि रॅकून यांच्यासाठी. मूळ अडचण बॅटरीची. मोकळ्या जागेतसुद्धा अंतर दुप्पट झालं की तेवढाच सिग्नल पोचवायला चौपट शक्ती लागते. तेव्हा गळ्यातल्या यंत्रानं हळू बोलावं आणि ऐकणाऱ्यानं जवळ जावं, हे उत्तम.

पुढे संगणकवाल्यांनी रानोमाळ शेकडो सेन्सर पेरले, तेव्हा प्रश्न उलटा झाला. आता ऐकणाराच हिंडतोय, मग माहिती पाठवायची कुठे? दरवेळी ‘मी आता इथे आहे’ अशी सगळीकडे दवंडी पिटली तर बॅटऱ्या त्यातच संपणार. 2002 साली लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या संशोधकांनी टीटीडीडी नावाची तोड काढली. ज्या सेन्सरकडे माहिती आहे त्यानं परिसरावर चौकटींची जाळी आखायची; रेघा छेदतात तिथले सेन्सर वाट लक्षात ठेवतात. हिंडणाऱ्यानं फक्त आपल्या चौकटीत विचारायचं. विचारणा जाळीवरून मूळ सेन्सरपर्यंत जाते, माहिती त्याच वाटेनं परतते. चौकट बदलली की नव्या चौकटीत विचारायचं, बाकीच्यांची झोपमोड नाही.

मला मात्र याच सुमाराचं प्रिन्स्टनचं झेब्रानेट जास्त आवडतं. 2004 साली केनियात त्यांनी झेब्र्यांना कॉलर घातल्या. दोन झेब्रे जवळ आले की कॉलरी आपापली माहिती एकमेकींना देत. त्यामुळे संशोधकांच्या गाडीला थोडेच झेब्रे गाठले तरी न भेटलेल्यांचीही खबर मिळे.

बोरमध्ये ही शक्कल चालायची नाही. झेब्रा कळपातला, वाघ एकांडा. दुसरा वाघ भेटेल आणि निरोप पुढे नेईल अशा भरवशावर राहिलं तर माहिती गळ्यातच अडकून पडेल. वाघामागे अजून 1963चाच उपाय लागतो: माणूस चालतो, अँटेना फिरवतो.