ईथ-झिरो कोठे हरवले?

२०१२ साली नांदेडच्या एका महाविद्यालयात मी लिनक्सची कार्यशाळा घेत होतो. आदल्या रात्री एका आभासी संगणकाच्या वीस नकला करून ठेवल्या होत्या. आभासी संगणक म्हणजे खऱ्या संगणकाच्या आत केवळ सॉफ्टवेअरने उभारलेला संगणक. सकाळी एकाही नकलेला नेटवर्क सापडेना. लातूरहून आलेल्या एका विद्यार्थिनीला वाटले, आपल्याच हातून काही बिघडले. ती रडवेली झाली. दोष मात्र नाव ठेवण्याच्या पद्धतीत होता.

'ईथ' हे ईथरचे धाकटे रूप. प्रकाशलहरींना वाहून नेणारे सर्वव्यापी माध्यम म्हणून शास्त्रज्ञांनी ईथर कल्पिला होता. १८८७ च्या मायकेल्सन-मॉर्ले प्रयोगात त्याचा मागमूस लागला नाही. पुढे १९७३ मध्ये अमेरिकेत झेरॉक्सच्या संशोधन केंद्रात रॉबर्ट मेटकाफ यांनी संगणक जोडणाऱ्या आपल्या जाळ्याला 'ईथरनेट' म्हटले. १९९१ मध्ये जन्मलेल्या लिनक्सने त्यावरून पहिल्या नेटवर्क कार्डाला ईथ-झिरो, दुसऱ्याला ईथ-वन अशी नावे दिली.

पण पहिले कोणते? जे आधी सापडेल ते! वर्गात जो आधी येईल त्याला हजेरी क्रमांक एक देण्यासारखेच हे. दोन कार्डे असली, की एखाद्या दिवशी क्रम उलटे आणि एका कार्डाचे नियम दुसऱ्याला लागू होत.

यावर उपाय निघाला. प्रत्येक कार्डाला ४८ बिटांचा स्वतःचा पत्ता असतो. कोणत्या पत्त्याला कोणते नाव, हे लिनक्स एका फाइलीत लिहून ठेवू लागले. आमची अडचण येथेच झाली. एकाच जाळ्यात दोघांचा पत्ता सारखा चालत नाही, म्हणून प्रत्येक नकलेला नवा पत्ता मिळाला. फाइलीत ईथ-झिरो हे नाव मूळ पत्त्यासाठी राखीव होते. नवे कार्ड ईथ-वन झाले आणि जोडणीच्या सूचना ईथ-झिरोलाच शोधत राहिल्या. जुन्या पत्त्याच्या नोंदी पुसताच काम सुरू झाले. विद्यार्थिनीने उरलेल्या नकला स्वतः दुरुस्त केल्या.

जानेवारी २०१३ मध्ये 'सिस्टमडी'च्या १९७ व्या आवृत्तीने नाव जागेवरून ठेवण्याची पद्धत आणली. 'ईएनपी०एस३' म्हणजे ईथरनेट, बस क्रमांक शून्य, खाच क्रमांक तीन. क्रमांक आता बाकावरून मिळू लागला. नकलेत कार्डाची जागा तीच राहते, म्हणून नावही टिकते. पण बाक हलला तर? व्हर्च्युअलबॉक्समधला 'ईएनपी०एस३' व्हीएमवेअरमध्ये गेल्यावर 'ईएनएस३३' होऊ शकतो.

नाव क्रमाला बांधा, ओळखीला बांधा वा जागेला. ज्याला बांधले ते बदलले, की नाव सुटते. विद्यार्थ्यांना 'आयपी लिंक' ही आज्ञा देऊन आपल्या यंत्रातील नाव पाहायला सांगा आणि विचारा: हे नाव कशाला बांधले आहे?