निळी रेषा कुणासाठी?

‘नदी वाचवायची की शहर वाढवायचं?’ पिंपरी-चिंचवडमध्ये हा प्रश्न असा विचारला जातो, जणू नदीकाठी याआधी कुणी राहतच नव्हतं. इतिहास वेगळं सांगतो.

१९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स सुरू झाली. १९६२ साली एमआयडीसी स्थापन झाली आणि पवनेच्या काठानं कारखाने वाढत गेले. १९७२ च्या दुष्काळानंतर मराठवाड्यातून भूमिहीन माणसं कामासाठी इकडे आली. त्यांत आपला समाज मोठा होता. कारखान्याला भूखंड मिळाला, कामगाराला घर मिळालं नाही. जिथं पूर येतो, म्हणून ज्या जमिनीला भाव नव्हता, तिथं त्यानं पत्रे ठोकले. पिंपरीचं संजय गांधीनगर, सांगवीचं मुळानगर आजही पावसाळ्यात धरणातून पाणी सुटलं की जीव मुठीत धरून बसतं. गावकुसाबाहेरची वस्ती शहरात आली ती पूररेषेच्या आत.

साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची हद्द म्हणजे निळी पूररेषा. तिच्या आत घरं बांधायला मनाई आहे. तरी चिखलीत इंद्रायणीकाठी ३६ बंगले उभे राहिले. राष्ट्रीय हरित लवादानं जुलै २०२४ मध्ये ते पाडायला सांगितलं, सर्वोच्च न्यायालयानं तो आदेश कायम ठेवला आणि १७ मे २०२५ रोजी ते पाडले गेले. निर्णय योग्यच होता. पण ३६ बंगले एका रात्रीत उगवत नाहीत. ते बांधले जात असताना यंत्रणा काय करत होती?

आता वाकड ते सांगवी मुळेच्या काठावर खुद्द महापालिकेचा नदीसुधार प्रकल्प चालू आहे. नदीपात्रातला भराव आणि झाडांची तोड याविरुद्ध पिंपळे निलखला नागरिकांनी आंदोलन केलं. गरिबानं काठावर झोपडी घातली की ‘अतिक्रमण’ आणि महापालिकेनं भराव घातला की ‘विकास’, हा कुठला न्याय?

बाबासाहेब विकासाचे विरोधक नव्हते. १९४२ ते १९४६ या काळात मजूरमंत्री असताना त्यांनी दामोदर खोऱ्याची योजना पुढे नेली. तिच्यात पूर, सिंचन आणि वीज यांचा विचार अख्ख्या खोऱ्यासाठी एकत्र केला होता. नदी म्हणजे नुसता काठ नव्हे, हे त्यांना ऐंशी वर्षांपूर्वी कळलं होतं.

म्हणून आधी नाल्यांचं सांडपाणी थांबवा. पूररेषा नकाशावर नको, जमिनीवर आखा आणि ती बिल्डर, महापालिका, झोपडी सगळ्यांना सारखी लावा. काठावरच्या कामगाराला हलवायचं असेल, तर कामाच्या जवळ पक्कं घर आधी द्या, बुलडोझर नंतर आणा. नदी मोकळी झालीच पाहिजे; पण तिची किंमत दरवेळी आमच्याच वस्तीनं का मोजायची?