हात कुठे थांबवावा?

मंडळी, कऱ्हाड-सांगलीकडच्या माणसाला गुऱ्हाळ काही नवे नाही. काहिलीत रस उकळत असतो, मळी काढून झालेली असते, चुलाणाशी जाळ घालणारा घामाने निथळत असतो. पण सगळ्यांचे डोळे लागलेले असतात गुळव्याकडे. तो पाकाचा थेंब गार पाण्यात टाकतो, बोटांनी गोळी वळून पाहतो आणि म्हणतो, "उतरवा!" घाई झाली तर गूळ मऊ राहतो, उशीर झाला तर करपतो. त्या एका शब्दावर शेतकऱ्याच्या वर्षभराच्या उसाचे मोल ठरते.

काम पुरे झाले हे ओळखण्याची हीच विद्या कलावंतालाही लागते. ती पाहायची तर मिरजेला चला.

मिरजेची सतार आणि तानपुरा देशभर जातो. ही कला रुजली कशी, ते ऐकण्यासारखे आहे. शिकलगार मंडळींचा मूळ धंदा तलवारी-भाल्यांना धार देण्याचा. इंग्रजी अंमल आला आणि हत्यारांचे काम बसले. तेव्हा, १८५० च्या सुमारास, त्यांच्यातल्या फरीदसाहेबांनी तंतुवाद्यांना हात घातला. पुढे या घराण्यांचे आडनावच 'सतारमेकर' होऊन बसले. मिरज संस्थानचे पटवर्धन गाण्याचे चाहते होते. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांसारखे गुरू गावात होते. त्यांच्यापाशी शिकूनच विष्णु दिगंबर पलुस्कर १८९६ साली मिरजेबाहेर पडले. वाद्य करणारा आणि वाजवून पाहणारा एकाच गावात राहिले, हे मिरजेचे भाग्य.

आता तानपुरा होतो कसा? पंढरपूर भागात पिकणारा कडू भोपळा वाळवून आणतात. तो कापून त्याला तुणीच्या लाकडाचा गळा आणि दांडी जोडतात. वर तबली बसते, नक्षी होते, लाखेची झिलई चढते, खुंट्या बसतात, चार तारा ओढल्या जातात. झाला का तानपुरा? दिसायला झाला. पण कारागिराला विचाराल तर तो म्हणेल, अजून मुका आहे.

त्याला वाचा फोडायची ती जवारीने. तबलीवर जी घोडी असते, तिचा माथा अगदी किंचित उतरता घासायचा, म्हणजे तार तिच्या अंगाला चाटत चाटत थरथरते. तारेखाली सुताचा दोरा घालून तो पुढेमागे सरकवायचा. मग साधी 'टण्ण' वाजणारी तार भुंग्यासारखी गुंजायला लागते. खर्ज नीट लागला की, जो सूर कोणत्याच तारेला लावलेला नाही, तो गंधार आपोआप ऐकू येतो. चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी १९२१ साली याच नवलावर शास्त्रीय निबंध लिहिला. नेहमीच्या नियमाने जे सूर उमटायला नकोत, तेसुद्धा या घोडीमुळे उमटतात, हे त्यांनी दाखवले.

पण कारागीर निबंध वाचून घासत नाही. एक घासा मारतो, तार छेडतो, कान देतो. पुन्हा एक घासा, पुन्हा कान. इथे पट्टी नाही की वजन नाही. कमी घासले तर सूर कोंडलेला राहतो, आणि एक घासा जास्त गेला तर तो परत येत नाही. सगळा माथा नव्याने उतरवावा लागतो. म्हणून कानस चालवणारा हात जितका महत्त्वाचा, तितकाच ती खाली ठेवणारा.

बरे, सर्वांचे 'पुरे' एकसारखेही नसते. कुणा गवयाला जवारी खुली हवी, कुणाला जरा बंद. बाईच्या आवाजाचा तानपुरा वेगळा, पुरुषाचा वेगळा. मिरजेत राहिलेले अब्दुल करीम खाँसाहेब सुरेलपणासाठी नावाजलेले, आणि वाद्यदुरुस्तीचेही जाणकार. अशा कानाचे गिऱ्हाईक दारात उभे राहिले की कारागिराचा कानही तयार होतो. खाँसाहेब १९३७ साली गेले. मिरजेच्या मीरासाहेब दर्ग्यात त्यांच्या स्मरणाने अजून गाणे होते.

आणखी एक गंमत पाहा. आज पुरा झालेला तानपुरा कायमचा पुरा नसतो. तारांनी घोडी झिजते, जवारी उतरते आणि वाद्य पुन्हा कारागिराकडे येते. त्याचे 'झाले' म्हणजे 'आजपुरते झाले'.

२०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. नाव राखले गेले, चांगले झाले. पण आता विजेच्या पेटीतून आणि मोबाईलमधूनही तानपुरा वाजतो, आणि जवारीचा कान काही कागदावर उतरत नाही. तो बापाशेजारी बसून, हजार घोड्या ऐकून येतो. शेजारी बसणारे पोर उठून गेले, तर मानांकन राहील आणि कान जाईल.

गुरुजींना एक विनंती. पोराने चित्र काढून आणले आणि विचारले, "झालं का, गुरुजी?" तर लगेच 'झालं' म्हणू नका. "तुला काय वाटतं?" असे विचारा आणि थोडे थांबा. आणि मंडळी, औंधला अंतूबुवा जोशींनी १९४० साली सुरू केलेल्या संगीत उत्सवाला कधी गेलात, तर गाणे सुरू होण्याआधीच जाऊन बसा. गवई तानपुरा जुळवत असेल. तो कुठे थांबतो, तेवढे ऐका.