दोनदा मोजलेला कोपरा

परवा भाचा जळगावहून आला तो लॅपटॉप उघडूनच बसला. धुळ्यातल्या एका घराचं मॉडेल केलंय त्याने. "मामा, एवढं इस्टिमेट बघा ना. सॉफ्टवेअरने काढलंय, म्हणजे चुकायचा प्रश्नच नाही."

मला माझं पहिलं इस्टिमेट आठवलं. आतून १२ बाय १० फुटांची खोली, ९ इंची भिंत, उंची १० फूट. मी चारही भिंती बाहेरून बाहेर मोजल्या आणि लांबी ५० फूट धरली. मध्यरेषेवर ती ४७ येते. चारही कोपरे दोनदा मोजले होते! तीन फूट जादा म्हणजे साडेबावीस घनफूट, सुमारे तीनशे विटा. आणि हे घरभर केलेलं. मालक शाळामास्तर, कर्ज काढून बांधत होते. उरलेल्या विटांचा ढीग कित्येक वर्षं त्यांच्या अंगणात होता. ते कधी बोलले नाहीत, पण मी त्या गल्लीतून जाणं टाळायचो.

लांब भिंत-आखूड भिंत, मध्यरेषा या जुन्या पद्धती याच कोपऱ्याच्या काळजीपोटी आल्या. मग १९८२ साली ऑटोकॅड आलं, २००० साली रेव्हिट. भिंत नुसती रेघ राहिली नाही, तिला जाडी, उंची आली. कोपरा आता सॉफ्टवेअर सांभाळतं. पण चूक गेली नाही, तिने फक्त जागा बदलली.

भाच्याने १८ इंची बीम पूर्ण उंचीचा काढला होता आणि ५ इंची स्लॅब त्याच्यातूनच सलग नेला होता. दोन्ही जोडलेच नव्हते, म्हणून ते पाच इंच काँक्रीट दोनदा धरलं गेलं. प्लास्टरमध्ये खिडक्या दोन्ही बाजूंनी वजा केलेल्या. आपल्या आयएस १२०० प्रमाणे अर्धा ते तीन चौरस मीटरच्या खिडकीची वजावट एकाच बाजूची, कारण कडांचं प्लास्टर त्यातच धरतात. हे सॉफ्टवेअरला कुणी सांगितलंच नव्हतं. शिवाय मॉडेल घनमीटरमध्ये आणि आपला बाजार ब्रासमध्ये. त्यातही वाळूचा ब्रास १०० घनफूट, प्लास्टरचा १०० चौरस फूट!

पाया सगळीकडे सारखाच खोल. काळी माती कुठवर आहे, ते खोदल्याशिवाय कसं कळणार? धुळ्याचंच सांगायचं तर १८८४ साली, नोकरीच्या सुरुवातीला, तरुण विश्वेश्वरय्या पांझरा खोऱ्यात दातर्तीला नळांचा सायफन बांधत होते. पावसाने त्यांनाही अडवलं, मग त्यांनी नेटाने काम पुरं केलं. नकाशात नदी काढता येते, तिचा पूर नाही.

भाच्याला म्हटलं, एक खोली हाताने काढ आणि जुळव. रात्री अकराला तो ओरडलाच, "मामा, सापडलं, बीम!"

मग त्याला मास्तरांच्या विटांची गोष्ट सांगितली. इतकी वर्षं कुणाला सांगितली नव्हती.

असो. तुमचाही असा एखादा दोनदा मोजलेला कोपरा असेल तर जरूर कळवा.